घरचा पाना आणि परवान्याचा कारागीर

नांदगाव तालुक्यात बिघडलेली वस्तू सहसा टाकून देत नाहीत. विहिरीवरची मोटर जळली की तिचे वाइंडिंग करून घेतात, नांगराचा फाळ मोडला की वेल्डिंगवाल्याकडे नेतात, ट्रॅक्टरचा पार्ट मिळाला नाही तर लेथवर नवा बनवून घेतात. पुलांचे गर्डर तयार करणारा मध्य रेल्वेचा कारखाना याच तालुक्यात मनमाडला आहे. शेजारच्या मालेगावात यंत्रमाग चालू ठेवणारे मेकॅनिक पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहेत. लोखंड ओळखणारी माणसे या भागात कमी नाहीत, आणि त्यांच्यामुळेच इथली शेती आणि धंदे बिनघोर चालतात.

याच घरांपैकी काहींत परवान्याची बंदूक असते. माळरानाला लागून शेत असलेल्या एखाद्या शेतकऱ्याकडे पीकसंरक्षणासाठी घेतलेली ठासणीची बंदूक असते. फौजेतून निवृत्त होऊन बँकेत सुरक्षारक्षक झालेल्या जवानाकडे बारा बोरची दुनळी असते. जुन्या वाड्यात आजोबांच्या नावावरची बंदूक वारसाने आलेली असते. नेमबाजी शिकणाऱ्या मुलीसाठी घेतलेली एअर रायफलही असते. कधीतरी यातल्या एखाद्या बंदुकीचा चाप जड वाटू लागतो, दस्ता तडकतो, घोडा पडूनही बार लागत नाही, किंवा नळी जरा आखूड हवी होती असे वाटते. मग साहजिकच मनात येते, की पाना घरात आहे, लेथवाला मित्र आहे, तर परवानाधारक कारागिराकडे कशाला जायचे? तो कारागीर बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा पुण्या-मुंबईला असतो. जाण्यायेण्यात दिवस मोडतो आणि पैसेही लागतात.

या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. एक बाजू कायद्याची आहे, दुसरी धातूची. दोन्हींचे उत्तर एकच निघते, पण ते का निघते हे समजून घेतले तरच माणूस ते मनापासून पाळतो.

कायद्याची रेघ

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला, तेव्हा भारतीयांना परवान्याची सक्ती होती आणि युरोपीयांना सूट होती. हा भेदभाव स्वातंत्र्यचळवळीच्या तक्रारींपैकी एक होता. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात शेतकऱ्याचा विचार स्पष्ट दिसतो. कलम १३ मध्ये स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर, लांब नळीची गुळगुळीत बोरची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. इतर शस्त्रांच्या मानाने या दोहोंकडे कायदा अधिक मोकळेपणाने पाहतो.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र हाच कायदा कडक आहे. कलम ५ नुसार बंदूक बनवणे, विकणे, तिच्यात बदल करणे, ती दुरुस्त करणे आणि तिची चाचणी घेणे या सगळ्यांसाठी परवाना लागतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दुरुस्तीचा परवाना वेगळा. पहिला हाती असला म्हणून दुसऱ्याचा अधिकार मिळत नाही. मालकाने स्वतः केलेली दुरुस्ती आणि मित्राच्या लेथवर करून घेतलेली दुरुस्ती, दोन्ही याच कलमात येतात, आणि दुसऱ्या प्रकारात मित्रही आरोपी होतो.

कलम ६ नळी आखूड करण्याबद्दल आणि नकली बंदुकीची खरी बंदूक करण्याबद्दल आहे. २०१९ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीने त्यात आणखी एक बंदी आली. शस्त्र नियम २०१६ मध्ये बंदुकांचे जे प्रवर्ग दिले आहेत, त्यांपैकी एका प्रवर्गातली बंदूक परवान्याशिवाय दुसऱ्या प्रवर्गात बदलता येत नाही. याच दुरुस्तीने शिक्षाही वाढवली. कलम ५ किंवा ६ मोडून बंदूक बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे किंवा नळी आखूड करणे यासाठी किमान सात वर्षांचा आणि कमाल जन्मठेपेचा कारावास आहे. शेजाऱ्याला हातभार म्हणून केलेले लेथवरचे तासाभराचे काम आणि चोरून बंदुका बनवण्याचा कारखाना हे एकाच कलमाखाली येतात.

कलम ८ फारसे कुणाला ठाऊक नसते. बंदुकीवरचा क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव आणि इतर ओळखखुणा पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहेच. पण त्यापुढे जाऊन कायदा असेही गृहीत धरतो, की ज्याच्या ताब्यात खूण पुसलेली बंदूक सापडली, त्यानेच ती पुसली. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. गंज काढण्यासाठी पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर हाती घेणाऱ्याने हे कलम आठवावे. नळीवरचा गंज निघताना तिच्यावरचा क्रमांकही गेला, तर घर सजवायला काढलेली आजोबांची बंदूक घरातल्या माणसाला न्यायालयात उभे करू शकते.

नळीच्या आत काय घडते

कायदा इतका कडक का, हे नळीच्या आत पाहिले की कळते. बारा बोर हे नावच जुन्या हिशेबातून आले आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोर. तिचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो. घोडा पडल्यावर काडतुसातली दारू जळते आणि वायूचा दाब सेकंदाच्या हजाराव्या भागात शिखर गाठतो. बारा बोरच्या साध्या काडतुसासाठी सीआयपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेली दाबाची मर्यादा ७४० बार आहे. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. म्हणजे टायरमधल्या दाबाच्या तीनशेहून अधिक पट दाब एका पोलादी नळीला आणि तिला मागून बंद करणाऱ्या कुलपाला सोसायचा असतो, तोही बंदूकधाऱ्याच्या गालापासून वितीच्या अंतरावर.

हा दाब नळी सोसेल याची खात्री डोळ्यांनी किंवा टिचकी मारून होत नाही. म्हणून बंदूक विक्रीला जाण्यापूर्वी तिच्यात मुद्दाम जास्त दाबाचे काडतूस उडवून चाचणी घेतात, आणि उत्तीर्ण झालेल्या नळीवर शिक्का मारतात. लंडनमधल्या बंदूक कारागिरांच्या संघाकडे हे काम सतराव्या शतकापासून आहे. बर्मिंगहॅमचे चाचणीघर १८१३ साली स्थापन झाले. आपल्याकडे नागरिकांसाठी बारा बोरच्या बंदुका आणि .३१५ ची स्पोर्टिंग रायफल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने बनवल्या, आणि त्यांच्यावरही असेच शिक्के असतात.

शिक्का पडला तेव्हा ती नळी जशी होती, तशीच राहीपर्यंतच त्या शिक्क्याला अर्थ आहे. आतून घासली, कापली, वेल्डिंगने तापवली, की ती चाचणी रद्द झाली असे समजावे. वेल्डिंगची उष्णता पोलादाचा गुणधर्मच बदलते. बाहेरून सांधा सुबक दिसतो, आतला धातू मात्र जागोजागी मऊ किंवा ठिसूळ झालेला असतो.

चार मोह

पहिला मोह नळी आखूड करण्याचा. बंदूक हलकी होईल, घरात वावरायला सोपी होईल असे वाटते. पण छऱ्यांच्या बंदुकीत नळीच्या तोंडाशी शेवटचे काही सेंटिमीटर आतून किंचित अरुंद केलेले असतात. याला चोक म्हणतात. पूर्ण चोकमध्ये हा फरक सुमारे एक मिलिमीटरचा असतो, पण तेवढ्याने ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छरे पडतात. नळी कापली की चोक जातो, छरे विखुरतात आणि जवळ उभ्या माणसाला किंवा जनावराला लागण्याची शक्यता वाढते. शेतकऱ्याला ती बंदूक आता कमी उपयोगाची आणि जास्त धोक्याची झालेली असते. शिवाय नळी २० इंचांच्या खाली गेली, तर ज्या तरतुदीच्या आधारे परवाना मिळाला तिच्यातच ती बसत नाही.

दुसरा मोह चाप हलका करण्याचा. चाप आणि घोडा यांना अडकवून ठेवणारी खाच अगदी लहान असते. तिचा वरचा थर कडक केलेला असतो आणि तो मिलिमीटरच्या अंशाइतकाच जाड असतो. हा थर घासला गेला की आतले मऊ पोलाद उघडे पडते. सुरुवातीला चाप सुरेख हलका वाटतो. पुढे खाच झिजते, आणि एके दिवशी बंदूक खाली ठेवताना किंवा भिंतीला आपटताच बार उडतो. दुनळीत तर एका नळीच्या धक्क्याने दुसरीही उडू शकते.

तिसरा मोह मिळेल ते काडतूस चालवण्याचा, आणि तेवढ्यासाठी नळीचे घर, म्हणजे काडतूस बसते तो भाग, मोठे करून घेण्याचा. जुन्या इंग्रजी बंदुकांची घरे बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी असतात. आजची अनेक काडतुसे ७० मिलिमीटरची आहेत. काडतुसावर लिहिलेली लांबी ही ते उडाल्यानंतर उघडलेल्या टोपणासकटची असते. न उडालेले ७० चे काडतूस ६५ च्या घरात सहज जाते. पण उडताना टोपण उघडायला जागा मिळत नाही, छऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. काडतूस बसले म्हणजे ते योग्य, हा समज त्यामुळे घातक ठरतो. खूप जुन्या बंदुका तर काळ्या दारूसाठीच बनवलेल्या असतात. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली, आणि त्यानंतर काडतुसांमधली दारू पालटत गेली. नळीवर धूरविरहित दारूच्या चाचणीचा शिक्का नसेल, तर पुण्याच्या खडकी कारखान्याचे आजचे शक्तिमान काडतूस तिच्यात घालण्याआधी जाणकाराचे मत घ्यायलाच हवे.

चौथा मोह एअर रायफलचा, आणि तरुण मुलांना तो सर्वांत आधी पडतो. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर बोरची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअर गन परवान्याच्या शस्त्रांत मोडत नाही. त्यामुळे तिच्यात काहीही केले तरी चालते असा समज होतो. जास्त ताकदीची स्प्रिंग टाकून ऊर्जा २० जूलच्या वर नेली, की तीच वस्तू परवाना लागणाऱ्या प्रवर्गात जाते. मुलाने खोलीत बसून केलेला प्रयोग त्याच्या हातात विनापरवाना शस्त्र देऊन जातो, आणि कलम ६ चा भंगही होऊ शकतो. आईवडिलांनी हे मुलांना सांगायला हवे.

कारागीर कशासाठी?

परवानाधारक कारागीर काय वेगळे करतो? हातांची सफाई नांदगावच्या लेथवाल्याकडेही असते. खानदेशच्या सीमेला लागून मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचे नाव गावठी कट्ट्यांच्या कारवायांत वर्षानुवर्षे येते, आणि तिथेही लोखंडावर हात बसलेली माणसे आहेत. कट्ट्यात नसते ती मोजणी, चाचणी आणि नोंद. म्हणूनच तो चालवणाऱ्याच्याही हातात फुटतो.

कारागीर आधी बंदूक रिकामी आहे का ते पाहतो आणि मग परवाना तपासतो. त्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी जुळवतो आणि नोंदवहीत नोंद करतो. त्यानंतर नळीत उजेड टाकून खड्डे, पोक, फुगवटा शोधतो. घराची लांबी मापकाने मोजतो. नळ्या आणि कुलूप यांच्यात फट पडली आहे का ते पाहतो. घोडा, खाच, टोचणी यांची झीज तपासतो. कोणता भाग बदलायचा, कोणता फक्त साफ करायचा आणि कोणती बंदूक यापुढे उडवायचीच नाही, हे तो सांगतो. हे शेवटचे सांगणे सर्वांत मोलाचे आहे. आजोबांच्या बंदुकीवर माया असलेल्या नातवाला ते ऐकायला जड जाते, तरी ऐकावे.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. परवाना कुठल्या क्षेत्रापुरता वैध आहे ते त्यावर लिहिलेले असते. नाशिक जिल्ह्यापुरता असेल, तर बंदूक घेऊन सरळ मुंबईची गाडी पकडू नये, आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. दुसरे म्हणजे, बंदूक सोडताना पावती घ्यावी आणि काय दुरुस्त केले ते परत घेताना लिहून घ्यावे. वारसाने आलेली बंदूक असेल तर त्याही आधीचे एक पाऊल आहे. परवाना मृत व्यक्तीच्या नावावर होता, त्यामुळे ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

मालकाचे काम

मग मालकाने काहीच करायचे नाही का? पुष्कळ करायचे आहे. फौजेतल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. जवान आपली रायफल रोज उघडतो, पुसतो, तेल लावतो. ती बिघडली तर मात्र फौजेतली शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या आर्मररकडे देतो. स्वतःच्या जिवाचा आधार असलेल्या हत्यारातही तो फेरफार करत नाही. नागरिकानेही तीच शिस्त पाळावी.

उडवल्यानंतर नळी त्याच दिवशी साफ करावी. तेलाचा हात पातळ असावा, कारण जादा तेल दस्त्याच्या लाकडात मुरून ते मऊ करते. चामड्याच्या खोळीत बंदूक महिनोन्‌महिने ठेवू नये, चामडे ओल धरते आणि पावसाळ्यात नळीवर गंजाचे ठिपके उमटतात. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली असेल, तर परत आणल्यावर प्रथम तिची नळी पाहावी. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. बंदूक मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी असावी. खांद्याचा पट्टा बदलणे, दस्ता पुसून घेणे एवढे घरी करावे. स्क्रू उघडून कुलपाच्या आत जाण्याची वेळ आली, की थांबावे.

नेमबाजही हेच करतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नाशिकला नेमबाजी शिकला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकला. अशा रायफलीचा दस्ता, गालपट्टी, साइट हे सगळे खेळाडूच्या अंगाला बसवता येते, पण ते बनवणाऱ्याने ठेवलेल्या स्क्रूंनी आणि नियमांच्या मर्यादेत. स्पर्धेआधी पंच शस्त्र तपासतात. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, त्याहून हलका चालत नाही. यंत्र दगा देते तेव्हा किती महाग पडते हे २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात दिसले. पात्रता फेरी चालू असतानाच भारताची नेमबाज मनू भाकर हिच्या पिस्तुलाचा भाग तुटला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. सर्वोत्तम बनावटीचे पिस्तूल आणि सोबत जाणती माणसे असूनही हे घडते. मग घरच्या बाकावर अंदाजाने घासलेल्या चापाचा भरवसा कसा धरायचा?

मोबाइलवरचे शिक्षण

हल्ली बंदुकीत फेरफार करून दाखवणारे व्हिडिओ मोबाइलवर सहज दिसतात. त्यातले बहुसंख्य अमेरिकेतले असतात. तिथे स्वतःच्या बंदुकीवर स्वतः काम करण्याची मोकळीक मोठी आहे, मात्र इतरांच्या बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा करायचा तर तिथेही केंद्र सरकारचा परवाना लागतो. छऱ्यांच्या बंदुकीची नळी १८ इंचांपेक्षा आखूड करण्यावर १९३४ च्या कायद्यापासून निर्बंध आहेत. म्हणजे जिथे सर्वांत जास्त मोकळीक आहे, तिथेही रेघ ओढलेलीच आहे. तो व्हिडिओ पाहणाऱ्या नांदगावच्या मुलाला ही रेघ दिसत नाही, आणि आपल्या देशाची रेघ त्याहून बरीच अलीकडे आहे हे तर त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

परवान्याचा कारागीर घरच्या कारागिरापेक्षा हुशार असतोच असे नाही. पण तो मोजतो, नोंद ठेवतो आणि आपल्या कामाला उत्तरदायी राहतो. बंदुकीसारख्या वस्तूला हेच तीन गुण लागतात, कारण तिच्यातली चूक भोगणारा माणूस बहुतेक वेळा चूक करणारा नसतो. तो शेजारच्या शेतात काम करणारा असतो, किंवा घरातले मूल असते. म्हणून ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांना एवढेच सांगणे आहे: ती स्वच्छ ठेवा, कोरडी ठेवा, कुलपात ठेवा. बिघडली तर रिकामी करून, परवाना सोबत घेऊन, परवानाधारक कारागिराकडे न्या. आणि गावातल्या लेथवाल्या मित्राला त्या कामाची गळ कधीही घालू नका.